डाव्या पायाचं पेडल

नवा ट्रॅक्टर मारुतीच्या देवळापुढं उतरवला तेव्हा सगळ्यांनी आधी त्याचा रंग पाहिला, मग टायर पाहिले. मी वाकून पाय ठेवायची जागा पाहिली. उजवीकडं ब्रेक होते. आणि डावीकडं, जिथं काहीच असायला नको होतं तिथं, काळ्या रबराचं क्लचचं पेडल होतं.

दादानं माझ्या पाठीवर थाप मारली. "कसा हाय?"

"झकास," मी म्हणालो.

माझ्या सख्ख्या भावानं मला फसवलं, असं मला त्या घटकेला वाटलं. आजही ते वाटणं पुरतं गेलेलं नाही. पण फसवल्या गेलेल्या माणसासारखं हे सांगायला बसलो की मधेच कुठंतरी अडखळतो आणि पुढचं सांगवत नाही. म्हणून आज सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे अडखळायची जागा चुकवता येणार नाही.

आमची द्राक्षबाग कुंडलच्या शिवारात आहे. दादा माझ्याहून मोठा. तो सैन्यात गेला, डोंगरातल्या रस्त्यांवर अवजड गाड्या चालवल्या आणि पेन्शन घेऊन गावी परतला. आमच्याकडं सैन्यातून आलेल्या माणसाला, तो कुठल्याही हुद्द्यावरून आलेला असो, मेजरच म्हणतात. दादा पारावर आला की लोक सरकून जागा देत. मी गाव सोडलं नाही. शाळा अर्धी झाली आणि बागेत उतरलो तो उतरलोच. माझ्या नावाला काही हुद्दा नव्हता. पण बागेच्या अरुंद ओळीत, दोन्ही अंगाला मांडवाचे लोखंडी अँगल आणि डोक्यावर तारा असताना, वेलीचं पानही न दुखवता ट्रॅक्टर घालावा तर मी, असं आसपासची माणसं म्हणत. एवढं मला पुरत होतं.

तेव्हाचा ट्रॅक्टर आबांनी, आमच्या वडिलांनी, घेतलेला. लहान, बुटका, बागेतच चालायचा असा. वडिलांनी त्याच्या स्टिअरिंगला काळा दोरा बांधला होता. दोरा जुना झाला की त्यावरच नवा बांधायचे, त्यामुळं तो बोटाएवढा जाड झाला होता. वळण घेताना अंगठ्याला लागायचा.

मग माझी कंबर धरली. कंबर कुणाची धरत नाही? पण माझ्या कंबरेतनं कळ निघून डाव्या पायात उतरली, आणि काही महिन्यांनी कळ गेली तेव्हा तिच्याबरोबर पायाची जाणीवही गेली. मिरजेला डॉक्टरांनी तळव्याला टाचणी टोचली आणि विचारलं, "कळतंय का?" मी छताकडं बघत होतो. मला वाटलं, अजून टोचायचीच आहे. मणक्यात शीर दबली आहे, ऑपरेशनचा विचार करा, असं त्यांनी सांगितलं. घरी येऊन मी म्हणालो, "ताण आलाय, गोळ्या दिल्यात."

का बोललो नाही ते आता नीट सांगता येईल असं वाटत नाही. आमच्या घरात दुखणं सांगायची रीतच नव्हती असं म्हणून मोकळं होता येईल. वडील तापातही बागेला पाणी धरायला जात. पण तेवढंच नव्हतं. पाय गेला म्हटल्यावर ट्रॅक्टरवरून उतरावं लागणार, आणि उतरलो तर बागेत मी कोण, हा प्रश्न होता. जमीन दोघांची, विहीर दोघांची. ती सीट तेवढी माझी होती.

फळछाटणी नुकतीच झाली होती. दादा कामानं सांगलीला गेलेला. मी शेणखताची छोटी ट्रॉली मागं लावून ओळीतून पुढं चाललो होतो आणि ओळीच्या टोकाला वहिनी छाटलेल्या काड्या गोळा करत वाकल्या होत्या. तिथं मला थांबायचं होतं. रोज थांबतो तसा मी क्लच दाबला, म्हणजे दाबला असं मला वाटलं. ट्रॅक्टर थांबला नाही. मी आणखी जोरात दाबलं. ट्रॅक्टर चालतच राहिला. वहिनींनी वर पाहिलं आणि काड्यांसकट बाजूच्या ओळीत अंग टाकलं. ट्रॅक्टरनं टोकाचा अँगल वाकवला तेव्हा कुठं माझा हात चावीवर गेला.

इंजिन बंद झालं. वहिनी चिखल झाडत उठल्या. मी खाली उतरून म्हणालो, "क्लच घसरला, वहिनी. प्लेट गेली बहुतेक."

त्या माझ्या पायाकडं बघत होत्या. माझ्या डाव्या पायात चप्पल नव्हती. ती मागं, ओळीच्या मध्यावर कुठंतरी पडली होती, आणि मला पत्ता नव्हता. वहिनी चालत गेल्या, चप्पल उचलून आणली आणि माझ्यापुढं ठेवली.

"ही बी क्लचानंच घसरली व्हय, भावजी?"

मी चप्पल घालायला लागलो. बघून घालावी लागत होती.

"कवापास्नं हाय असं?"

"दादाला सांगू नका, वहिनी."

त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मी शाळेत होतो. त्या माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोललेल्या नाहीत, त्या दिवशीही नाही. "मी न्हाई सांगत," त्या म्हणाल्या. "पर तुमीबी शब्द द्या. क्लचाच्या गाडीवर परत बसायचं न्हाई. आज मी हुते, उद्या दुसरं कोन असंल."

मी शब्द दिला. तिथं, त्या वाकलेल्या अँगलपाशी.

बायकोला मी काहीच सांगितलं नाही, पण काही दिवसांनी माझ्या दोन्ही चपलांना मागून पट्टा शिवून आलेला दिसला. तिनं विचारलं नाही.

दादाला मी तेच सांगितलं जे वहिनींना आधी सांगितलं होतं: क्लच घसरला. दादानं मिस्त्री आणला. मिस्त्रीनं ट्रॅक्टर मधून उघडला, प्लेट बदलली, जुनी प्लेट हातात घेऊन म्हणाला, ही तशी अजून चालली असती. दादा म्हणाला, "माझी वाघीन त्याच्याम्होरनं वाचली, तुला चालली असती म्हनायला काय जातंय!" मिस्त्री हसला आणि हत्यारं गोळा करायला लागला.

नवी प्लेट घातल्यावर माझी पंचाईत झाली. आता कारण काय? मी म्हणालो, अजून धरत नाही. मधेच सुटतो. मला खात्री वाटत नाही. फवारणीला शेजारचा ट्रॅक्टर बोलवू लागलो. दादा स्वतः एकदोनदा चालवून बघायचा, म्हणायचा, "मला तर ठीक वाटतोय." मी म्हणायचो, "तुमी रस्त्यावर चालवताय. ओळीत बघा." ओळीतलं मला जास्त कळतं हे त्याला मान्य होतं. त्याच्या त्या मान्य करण्याचा मी वापर केला.

शेवटी दादाच म्हणाला, "मग इकून टाकू रं. मानसापरीस यंत्र मोठं न्हाई."

मी त्याला अडवलं नाही.

जतकडचा एक माणूस घ्यायला आला. त्यानं पटांगणात दोन फेऱ्या मारल्या आणि खूश झाला. दादानं त्याला थांबवून सांगितलं, "क्लचचा तरास हाय ह्याला. आधीच सांगतो, मागनं बोल नगो." आणि आपणहून भाव उतरवला. त्या माणसानं दादाकडं असं पाहिलं, जणू अशी विक्री त्यानं जन्मात पाहिली नसावी. मी गोठ्याच्या दारात उभा होतो. दादानं टॉवेलनं बॉनेट पुसलं, स्टिअरिंगवरचा तो जाड काळा दोरा सोडला आणि खिशात ठेवला. सोडायला त्याला वेळ लागला, गाठी घट्ट बसल्या होत्या.

त्यानंतर नव्या ट्रॅक्टरची शोधाशोध सुरू झाली, आणि मला वाट दिसली.

वाईच्या अलीकडं एका रोपवाटिकावाल्याकडं बिनक्लचचा छोटा ट्रॅक्टर आहे असं मी ऐकलं होतं. एकटाच जाऊन आलो. तो माणूस भला होता. "बसा की, चालवून बघा," म्हणाला. उजव्या पायाशी दोन पेडल होती, एक पुढं जायचं, एक मागं यायचं. जितकं दाबाल तितका वेग. पाय उचलला की गाडी जागच्या जागी उभी. गिअर नाही, क्लच नाही. सगळं आतल्या तेलाच्या दाबावर चालतं. मी त्याच्या रोपांच्या वाफ्यांमधून पुढं गेलो, मागं आलो, परत पुढं गेलो. माझा डावा पाय पाहुण्यासारखा बाजूला बसून होता. त्याला कुणी काही काम सांगत नव्हतं. उतरलो तेव्हा तो माणूस म्हणाला, "लय खूश दिसताय." मी खूश होतोच. वहिनींना दिलेला शब्द मोडत नव्हता आणि सीटही जात नव्हती. एवढा सोपा मार्ग देवानं ठेवला असेल असं मला वाटलं नव्हतं.

घरी येऊन मी दादापुढं बाजू मांडली. पाय सोडून बाकी सगळं सांगितलं. ओळीच्या टोकाला शंभरदा मागं-पुढं करावं लागतं, तिथं क्लच-गिअरची खटपट वाचते. फवारणीच्या ब्लोअरचा वेग तसाच ठेवून गाडी हळू-जलद करता येते, औषध सगळीकडं सारखं बसतं. हे सगळं खरं होतं. खोटं एवढंच की त्यातलं एकही माझं कारण नव्हतं.

दादा ऐकून म्हणाला, "अन् उताराला?"

"आपल्या बागेत उतार कुठाय?"

"बागेत न्हाई, पर वाटंला हाय. कोयनेच्या घाटात, कुंभार्लीत गाडी ब्रेकवर उतरवनारा मानूस खाली पोचत न्हाई. गेरवर धरायची आसती. ह्या तुज्या तेलाच्या गाडीला धरायचं कशानं?"

"पाय उचलला की थांबतीय ती."

"आन तेल तापलं की? पाइप फुटला की? हितं कोन दुरुस्त करनार, वाईचा रोपवाला?"

सांगलीच्या शोरूमला आम्ही तिघं गेलो. दादा, मी आणि आमचे चुलते, ज्यांना कुठलाही सौदा आपल्याशिवाय झालेला खपत नाही. शोरूमच्या माणसानं दोन्ही प्रकार शेजारी शेजारी उभे केले होते. गिअरवाला स्वस्त, ओढायला जोरकस, कुठलाही मिस्त्री उघडेल असा. तेलावरचा महाग, डिझेल थोडं जास्त खाणारा, पण चालवायला लोण्यासारखा. माणूस प्रामाणिक होता. दोन्हीचं बरंवाईट सांगितलं. मग माझ्याकडं वळून कौतुकानं म्हणाला, "साहेब, ह्या दुसऱ्याचा फायदा म्हणजे घरातली बाईमाणसं, म्हातारी माणसं, कुणीपण चालवू शकतं. पायाला काही जोरच नाही."

चुलते मोठ्यानं हसले. "मग ह्यालाच द्या! मेजरला गेराची, धाकल्याला बिनगेराची. बाई म्हन, म्हातारं म्हन, कायतरी एक हाय गड्या ह्यो."

दादाही हसला. मीही हसलो. त्या वेळी दादाला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. शोरूमच्या मागं चहाची टपरी होती. दोन मिनिटं लागली असती. पण नुकत्याच झालेल्या हशानंतर 'दादा, माझा पाय' हे शब्द तोंडातून निघणं शक्य नव्हतं. निदान मला ते शक्य वाटलं नाही.

मी फक्त म्हणालो, "दादा, मला हाच पाहिजे."

दादानं माझ्याकडं पाहिलं. मग शोरूमवाल्याला म्हणाला, "चालवनार त्यो. त्याचं खरं. हाच लिवा."

परतताना मला त्याच्याबद्दल जे वाटलं ते मी कधी बोलून दाखवलं नाही. त्याला पटलं नव्हतं, तरी त्यानं माझा शब्द ठेवला होता. संध्याकाळी मी वहिनींना अंगणात गाठून हळूच सांगितलं, "क्लच नसलेली गाडी येतीय." त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई." आणि खरंच त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं.

मधले दिवस मी नुसता वाट बघण्यात काढले. रिकाम्या शेडमध्ये जाऊन उभा राहायचो. ब्लोअर धुऊन ठेवला, वाकलेला अँगल काढून नवा रोवला. बाकीचे पैसे भरायला दादा एकटा गेला. येताना तो खुशीत होता, आणि त्याचं मला काही वावगं वाटलं नाही.

आणि मग देवळापुढचा तो दिवस.

"रागावू नगोस," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात लपवलेल्या खाऊची पुडी सोडताना असतो तसा आनंद होता. "म्या कराडला दोघातिघांना इचारलं. ती तेलाची गाडी घिऊन पस्तावलेली मानसं हायत. फिल्टर गावत न्हाई, तेल तापतंय, बंद पडली तर ढकलता बी येत न्हाई. जाऊन बदलून घेतली. आन हे बघ," त्यानं सीटवर हात दाबला, सीट खाली-वर झाली, "स्प्रिंगची सीट. स्टिअरिंग पावरचं. तुज्या कंबरंसाठी. तुला आधी सांगितलं आसतं तर तू आयकला नसतास."

माझ्या कंबरेसाठी. स्टिअरिंगवर त्यानं तो जुना काळा दोरा बांधलेला होता.

मला वाटलं, ओरडावं. 'चालवनार त्यो, त्याचं खरं' म्हणाला होतास ना? सगळ्यांदेखत म्हणाला होतास. मग माझ्या माघारी जाऊन माझा शब्द पुसून टाकायचा तुला काय अधिकार? पैसे तुझे जास्त म्हणून? मेजर म्हणून? डोळ्यात पाणी यायला लागलं आणि लोकांना ते आनंदाचं वाटलं. चुलते म्हणाले, "बघा, रडतंय येडं!"

आता आमची एक रीत. घरात नवी बैलजोडी आली की जो औत धरतो त्यानंच ती उंबऱ्यापुढून पहिल्यांदा चालवायची. घरातला थोरला कुणी असो, पैसे कुणाचे असोत. कासरा औत धरणाऱ्याच्याच हातात. थोरल्यानं कासरा धरला तर त्याचा अर्थ धाकट्यावर भरवसा नाही असा होतो. बैल गेले, ट्रॅक्टर आले, रीत राहिली. चारी चाकांखाली लिंबं ठेवतात, घरची बाई ओवाळते, आणि बागेत जो गाडी घालतो तो लिंबांवरून ती पुढं काढतो.

दादानं चावी माझ्या हातात दिली. "बस."

मी नाही म्हणू शकलो असतो. कंबर दुखतेय म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण सगळी भावकी जमली होती, आणि त्या क्षणी मला दादाचा एवढा राग आला होता की मी बसलो. त्याला दाखवायचं होतं. काय दाखवायचं होतं ते देवाला ठाऊक.

वहिनी ओवाळणीचं ताट घेऊन ट्रॅक्टरच्या अगदी पुढं उभ्या होत्या. त्यांनी पाय ठेवायची जागा पाहिलेली नव्हती. माझा डावा पाय मी हातानं उचलून पेडलवर ठेवला तेव्हा त्यांना कळलं. सगळ्यांमधे फक्त त्यांनाच कळलं. त्यांचा हात ओवाळता ओवाळता थांबला.

मी चावी फिरवली. इंजिन लागलं. गिअर टाकला. पाय पेडलवर आहे की नाही हे बघायला मला खाली वाकावं लागलं.

वहिनींनी ताट देवळाच्या पायरीवर ठेवलं, पदर खोचला आणि माझ्या बाजूला आल्या.

"भावजी, बंद करा. उतरा खाली."

कुणीतरी म्हणालं, "मानाची साडी पायजे वहिनीला! त्याबिगर सोडत न्हाई!" लोक हसले.

"वहिनी, बाजूला व्हा," मी दातांखाली म्हणालो.

त्यांनी हात घालून चावी फिरवली. इंजिन बंद झालं तसा हशाही थांबला. मग दादाकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा पण नेहमीच्याच आवाजात त्या म्हणाल्या, "आवं, ह्यांचा डावा पाय चालत न्हाई. क्लच दाबतोय का न्हाई ते ह्यांना कळत न्हाई. त्या दिशी मला असंच चिरडलं आसतं."

इतकी वर्षं झाली त्यांना आमच्या घरात येऊन, आणि त्या एका वाक्यानं त्यांनी मला सगळ्या गावापुढं उघडं केलं. मी वरूनच ओरडलो, "शब्द दिला हुता तुमी!"

"तुमीबी दिला हुता, भावजी."

एवढंच म्हणून त्या ताटापाशी गेल्या. वाऱ्यानं निरांजन विझलं होतं, ते परत लावायला बसल्या. काडी दोनदा विझली.

दादा जवळ आला. मला वाटलं, पायाचं विचारेल. कधीपासून, कुठल्या डॉक्टरला दाखवलं. मी उत्तरं जुळवत होतो. तो माझ्या पायाकडं बघत होता, पण त्याचं ध्यान पायावर नव्हतं. मनानं तो मागं मागं जात होता. मिस्त्री, प्लेट, जतचा माणूस.

"म्हंजे," तो हळू म्हणाला, "जुन्याचा क्लच... त्यो धडच हुता?"

मी मान डोलावली.

"आबांची गाडी. धड हुती."

"व्हय."

मी उतरलो. उतरताना त्यानं माझा दंड धरला होता, पडू नये म्हणून. मग तो स्वतः सीटवर बसला आणि लिंबांवरून ट्रॅक्टर पुढं काढला. भावकीत कुणी टाळी वाजवली नाही. चुलते सुद्धा घसा खाकरून देवळात गेले.

दादानं त्यानंतर सगळं केलं. मला मिरजेला तोच घेऊन गेला, ऑपरेशनच्या वेळी बाकड्यावर तोच बसून होता. पायात आता थोडी जान आहे. टाचणी टोचली तर कळतं, पण उशिरा, दुसऱ्या खोलीतून कुणी हाक मारावी तसं. वहिनी डबा घेऊन यायच्या. आम्ही नेहमीसारखं बोलतो. त्यांनी केलं ते बरोबर केलं, हे मला कुणी सांगायची गरज नाही. त्या पुढं उभ्या होत्या, त्यांच्यामागं देवळाची पायरी होती आणि पायरीवर बायका बसल्या होत्या. तरी त्यांचं ते वाक्य आठवलं की छातीत काहीतरी तापतं. मी ते लपवू शकत नाही. ज्या माणसानं आपलं रक्षण केलं त्याच्यावरच राग धरणं ही किती हलकी गोष्ट आहे ते मला माहीत आहे, आणि तरी तो आहे.

घरी आल्यावर काही आठवड्यांनी मी दादाला एकदा विचारलं. तो ट्रॅक्टर धूत होता. ओळीच्या टोकाला त्याला वळण जमत नव्हतं, दोन अँगल त्यानं वाकवले होते. मी म्हणालो, "दादा, अजून बी बदलून मिळंल का? तोटा झाला तर माझ्या वाट्यातनं धरा. तेलावरची घिऊ. मी चालवीन."

त्यानं पाइपचं पाणी बंद केलं.

"गाडीचं आता न्हाई म्हनत मी. तवा बोलला आसतास तर हातानं ढकलत आनली आसती तुज्यासाठी. वाईहून." तो टायरकडं बघत बोलत होता. "पाय न्हाई म्हनून न्हाई रं. उद्या उजवा गेला तर तू मला सांगशील, हे मी कशावरनं धरू?"

तो माझ्या माघारी शोरूमला गेला होता, हे त्याला सुनवावं असं मनात आलं. शब्द त्यानंही मोडला होता. पण त्यानं खऱ्या कारणांसाठी मोडला होता, आणि खोटी कारणं त्याला मी पुरवली होती.

"बागेचं तू बघ," तो म्हणाला. "गाडीचं मी बघतो." आणि पाणी परत सुरू केलं.

तशीच वाटणी झाली आहे. कुठं फवारायचं, काय फवारायचं, कधी, ते मी सांगतो. तो चालवतो. ओळीच्या टोकाला मी उभा राहतो आणि हातानं खूण करतो, आणखी घ्या, थांबा, मागं. तो माझी खूण बघतो आणि बरोबर तसंच करतो. हळूहळू त्याला जमायला लागलं आहे.

गेल्या पंधरवड्यात तो मोटारसायकल काढून सकाळीच कुठंतरी गेला. वहिनींनाही सांगितलं नव्हतं. दुपार कलल्यावर आला, तोंडावर सगळी पांढरी धूळ. पूर्वेकडची धूळ, आमच्या काळ्या रानातली नव्हे. मी शेडपाशी होतो. त्यानं हेल्मेट काढलं, तोंडावर पाणी मारलं.

"जतला गेल्तो," म्हणाला.

मी त्याच्यापुढं टॉवेल धरला.

"जुना चांगला चालतोय. जोंधळ्याच्या रानात घातलाय त्यानं." टॉवेलनं तोंड पुसत तो क्षणभर थांबला. "क्लच आपनच टाकलेला हाय. हात बी लावला न्हाई त्यानं."

तो घरात गेला. दुसऱ्या दिवशी फवारणी होती म्हणून मी ब्लोअर बघायला ट्रॅक्टरपाशी गेलो. स्टिअरिंगवरचा काळा दोरा नव्हता. मी खाली, सीटमागं, चाकांपाशी शोधला, गाठ सुटून पडला असेल म्हणून. पण तसल्या गाठी आपोआप सुटत नाहीत. तो दोरा ज्या गाडीचा होता तिला परत बांधून आला होता दादा.